मेस्त्रीने ऑक्सिजन सेन्सर काढून ठेवलेत, गाडी तशीच चालवत राहू का?

अबोली_फोंडा
नमस्कार मंडळी. मला गाडी चालवता येते पण बॉनेटच्या आतलं फारसं कळत नाही, म्हणून इथे विचारतेय. जरा सविस्तर सांगा. बाबांची २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ८७ हजार किमी झालेत. दोन महिन्यांपूर्वी गाडी धक्के मारायला लागली, म्हणजे हायवेला ठीक पण कुर्टीच्या ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरवर हळू चालली की उचक्या दिल्यासारखी. चेक इंजिनचा पिवळा दिवा पण लागला. ओळखीच्या गॅरेजमध्ये नेली तर त्याने बॉनेट उघडून एक कनेक्टर काढला, एक फेरी मारून आला, धक्के बंद! मग गाडीखाली जाऊन आणखी एक कनेक्टर काढला आणि वायर टायने वर बांधून टाकली. म्हणाला ओटू सेन्सर गेलेत, नवीन महाग पडतात, काढूनच ठेवा, जुन्या गाड्यांना कुठे होते सेन्सर.

आता तीन आठवडे झाले. धक्के नाहीत हे खरं, पण दिवा सतत पेटलेला, ॲव्हरेज आधी १६ मिळायचं ते १३ वर आलंय, आणि सकाळी गाडी काढताना पेट्रोलचा उग्र वास येतो. बाबांना आठवड्यातून दोनदा बांबोळीला उपचारासाठी न्यावं लागतं. परवा ते म्हणाले गाडीत बसलं की डोकं जड होतं. पुढच्या महिन्यात चोर्ला घाटातून बेळगावला पण जायचंय. असं चालवत राहिलं तर चालतं का? की आत्ताच खर्च करायला हवा?

घाटवाट
बेळगाव राहू दे बाजूला, आधी बाबांचं डोकं जड होतंय त्याकडे बघा. गाडी नंतर.

काजूबोंड
उगाच घाबरवू नका रे तिला. माझ्या गाडीचा मागचा सेन्सर मी ३ वर्षांपूर्वी काढला. केप्याहून मडगावला रोज जातो, एक दिवस बंद पडली नाही. दिव्यावर काळी टेप लावलीय. ॲव्हरेजमध्ये पाच पैशांचा फरक नाही. कंपन्यांना पार्ट विकायचे असतात म्हणून दिवे लावतात.

खाडीकाठ
काजूबोंडबाब, तुमचा अनुभव खोटा नाही पण तो अबोलीताईंना लागू होत नाही, कारण तुम्ही मागचा काढलाय आणि त्यांचे दोन्ही काढलेत. हा फरक मोठा आहे म्हणून जरा लांब लिहितो.

पेट्रोल पूर्ण जळायला १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण सतत सांभाळणं ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचं काम, आणि त्यासाठी तिला जळून काय बाहेर पडतंय ते कळावं लागतं. पहिला सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) आधी बसतो. धुरात ऑक्सिजन उरलाय की नाही हे तो व्होल्टेजमधून सांगतो, ०.१ च्या आसपास म्हणजे ऑक्सिजन जास्त उरला, मिश्रण पातळ, आणि ०.९ च्या आसपास म्हणजे ऑक्सिजन नाही, पेट्रोल जास्त. चांगला सेन्सर या दोन टोकांमध्ये सतत झुलत असतो आणि ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल थोडं कमी, थोडं जास्त करत राहते. माशांचं हुमण करताना चाखत चाखत मीठ घालतो ना, तसं. सेन्सर काढला की चाखणं बंद, मग ईसीयू तिच्याकडच्या ठरलेल्या आकड्यांवर चालते. ते आकडे इंजिन जपायचं म्हणून बहुतेक गाड्यांत जास्त पेट्रोलच्या बाजूला झुकलेले असतात. तुमचं ॲव्हरेज तिथे गेलं.

दुसरा सेन्सर कन्व्हर्टरच्या नंतर. तो मुख्यतः कन्व्हर्टर काम करतोय का एवढंच बघतो. तो काढला तर गाडी बहुतेक तशीच चालते, म्हणून काजूबोंडबाबांना फरक दिसला नाही. पण आतला कन्व्हर्टर मेला तर ते त्यांना कळणारही नाही.

आणि जुन्या गाड्यांना सेन्सर नव्हते हे खरं, पण त्यांना कार्बुरेटर होता, बहुतेकांना कन्व्हर्टरही नव्हता. ऑक्सिजन सेन्सर प्रथम गाडीत आला १९७६ मध्ये, बॉशने बनवला आणि व्हॉल्वोने बसवला. आपल्याकडे इंजेक्शनच्या गाड्या आल्या तसा तो आला. इंजेक्शनची गाडी त्याच्या भरवशावरच बांधलेली असते. ती सेन्सर काढला म्हणून कार्बुरेटरची होत नाही.

पारंबी
हुमणाचं उदाहरण वाचून भूक लागली :) पण आता कुठे डोक्यात शिरलं.

काजूबोंड
बरं मान्य, पुढचा मागचा फरक मला माहीत नव्हता. पण माझं म्हणणं एवढंच की गाडी रस्त्यात बंद पडत नाही.

अबोली_फोंडा
@खाडीकाठ खूप आभार, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. मग धक्के कसे बंद झाले? सेन्सर खराब होता म्हणूनच ना?

जुना_मेस्त
ताय, मी साखळीला ३१ वर्षं गॅरेज चालवतोय. तुमच्या मेस्त्रीने कनेक्टर काढून फेरी मारली ती चूक नाही, आम्ही पण करतो. सेन्सर काढल्यावर गाडी सुधारली तर कळतं की ईसीयूला चुकीची बातमी मिळत होती आणि ती त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल देत होती. ही पाच मिनिटांची तपासणी आहे. तपासून झालं की कनेक्टर परत लावायचा आणि चुकीची बातमी का येत होती ते शोधायचं. तो तिथेच थांबला हे त्याचं चुकलं.

चुकीची बातमी आली म्हणजे सेन्सरच खराब असं नाही. ८७ हजाराला सेन्सर म्हातारा होऊ शकतो, पण दोन्ही एकदम जात नाहीत. मला चार गोष्टी सांगा. सकाळी थंड गाडी चालू केली की टक टक टक असा आवाज येतो का, आणि दोन चार मिनिटांनी कमी होतो का? वास पेट्रोलचा की धुराचा? वास सेन्सर काढायच्या आधी यायचा का? आणि ॲव्हरेज सेन्सर काढल्यावर पडलं की आधीच पडायला लागलं होतं?

अबोली_फोंडा
अगबाई! टक टक येतो. मला वाटायचं थंडीमुळे असेल, सकाळी येतो आणि ढवळीपर्यंत जाईस्तोवर थांबतो. बाबा म्हणायचे टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हकडचा आवाज. वास नक्की कसला ते सांगता येत नाही, डोळ्यांना झोंबतो. आधी पण हलका यायचा, आता जास्त. आणि ॲव्हरेज... डायरी बघून सांगते, बाबा प्रत्येक टाकीची नोंद ठेवतात.

अबोली_फोंडा
डायरी बघितली. १६ चं १४ झालं ते सेन्सर काढायच्या दीड महिना आधी. १३ झालं नंतर.

जुना_मेस्त
बाबांना माझा नमस्कार सांगा. अशी डायरी ठेवणारं गिऱ्हाईक असलं की आमचं निम्मं काम होतं.

माझा संशय सेन्सरवर नाही, मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर आहे. इंजिनमधून धूर जिथे बाहेर पडतो तिथे मॅनिफोल्ड नटबोल्टने आवळलेलं असतं, मध्ये फट राहू नये म्हणून गॅस्केट. एखादा स्टड (आवळायचा बोल्ट) तुटला की तिथे फट पडते. थंड असताना फटीतून धूर टक टक करत सुटतो, तापलं की लोखंड फुगतं, फट दबते, आवाज बंद. आता गंमत बघा, धूर झटक्या झटक्याने जातो, दोन झटक्यांच्या मध्ये त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर पुढेच बसलेला, त्याला हवेतला ऑक्सिजन दिसतो, तो ओरडतो पेट्रोल कमी पडलं! ईसीयू बिचारी पेट्रोल वाढवते. खरं तर पेट्रोल बरोबरच होतं. हळू चालताना धूर कमी असतो म्हणून बाहेरच्या हवेचा वाटा मोठा, म्हणून धक्के हळू चालताना. हायवेला ठीक. सगळं जुळतं.

आणि बाबांचं डोकं जड होतंय ते पण जुळतं. म्हणून सांगतो, हे बघून होईपर्यंत बाबांना त्या गाडीत बसवू नका.

सान्वी_पेडणे
मी नर्स आहे, याच्यावर मला बोलायलाच हवं. वास येतो तो न जळलेल्या पेट्रोलचा. पण ज्याची खरी भीती त्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो, मग रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही. पहिली लक्षणं हीच, डोकं जड, मळमळ, गुंगी. आणि बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर यात फसवतं, ९८ दाखवतं, म्हणून त्यावर विसंबू नका. आधीच आजारी माणसाला हे कमी प्रमाणातही जड जातं. मिश्रणात पेट्रोल जास्त म्हणजे कार्बन मोनॉक्साइड जास्त, आणि त्यात बॉनेटखाली गळती, एसीचा ब्लोअर बाहेरची हवा घेतो ती तिथूनच जवळून. बांबोळीला पुढच्या वेळी जाल तेव्हा डॉक्टरांना गाडीचं नक्की सांगा. आणि बंद गॅरेजमध्ये किंवा पोर्चमध्ये गाडी चालू ठेवून गरम करत असाल तर आजपासून बंद करा.

अबोली_फोंडा
वाचून पोटात गोळा आला. आम्ही पोर्चमध्येच चालू करून ठेवतो पाच मिनिटं, बाबा हळू चालतात म्हणून ते येईपर्यंत एसी लावून थंड करते. गुरुवारी रिक्षाने नेणार त्यांना. धन्यवाद सान्वीताई.

घाटवाट
मी फोंड्यालाच आहे, बेतोड्याला. गुरुवारी माझी गाडी घ्या, रिक्षा नको. मेसेज करतो.

म्हापसेकर
स्कॅनर लावून बघितला का कुणी? ईएलएम ३२७ म्हणून ब्लूटूथचं छोटं यंत्र मिळतं, स्टिअरिंगखाली ओबीडीच्या (गाडी स्वतःच दोष नोंदवते ती सोय) सॉकेटमध्ये लावायचं, मोबाइलवर कोड दिसतात. एप्रिल २०१३ नंतरच्या बीएस ४ (प्रदूषणाचा नियम) गाड्यांना ओबीडी टू असतं, तुमची २०१४ ची. अंदाजाने पार्ट बदलण्यापेक्षा हे बरं.

घाटवाट
माझ्याकडे आहे, घेऊन येतो.

दर्यादेगेर
थोडं अवांतर. माझी टॅक्सी डिझेल आहे, बीएस ६. तिचा पण सेन्सर काढला तर चालतो का असं एकाने सांगितलं होतं.

खाडीकाठ
@दर्यादेगेर अजिबात काढू नका. बीएस ६ डिझेलला काजळी धरणारा फिल्टर असतो, काहींना नॉक्सचे (नायट्रोजनच्या विषारी वायूंचे) सेन्सर आणि युरियाचं पाणी. एक काढला की बाकीच्यांचं गणित बिघडतं, गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे दिवाळीच्या सीझनला प्रवासी मागे बसलेला आणि गाडी ४० च्या वर जाईना.

बुलेटराजा_वाळपई
बाइकला पण हेच का? मी एग्झॉस्ट बदललं तेव्हा दुकानदाराने सेन्सरच्या जागी डमी लावला, नुसता रेझिस्टर असतो आत. दिवा येत नाही.

खाडीकाठ
डमी म्हणजे ईसीयूला खोटी जबानी. दिवा येत नाही म्हणजे गाडी बरी झाली असं नाही, तिची तक्रार करायची सोयच काढून घेतली. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, मूळ रचनेत असा बदल चालत नाही.

बुलेटराजा_वाळपई
हां, पण आवाज काय येतो!

पारंबी
वाळपईचा आवाज इकडे डिचोलीला पोचतो बाबा :) म्हातारी माणसं झोपलेली असतात, जरा जपून.

तळपण
एक वेगळा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे १४.७ चं प्रमाण राहत नाही, ते साधारण साडेतेरावर येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला ८-९ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. सेन्सर चालू असेल तर ईसीयू हे आपोआप ओळखून देते. सेन्सर काढलेला असेल तर २०१४ च्या गाडीतले आकडे २०१४ च्या पेट्रोलचे, तिला पत्ताच नाही टाकीत काय आलंय. माझ्या मते आज जुन्या गाडीला सेन्सरची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे, कमी नाही. मी काणकोणहून करमल घाट रोज चढतो, चढावाला हा फरक पायाला जाणवतो.

म्हापसेकर
हे बरोबर. पण मग पातळ मिश्रण होऊन त्यांचं पेट्रोल वाचायला नको का?

तळपण
नाही ना, ठरलेले आकडे मुळात जास्त पेट्रोलचे, इथेनॉलने त्यातलं थोडं खाल्लं एवढंच. शिवाय इथेनॉलमध्ये जळण्याची ताकद पेट्रोलपेक्षा कमी, लिटरला साधारण दोन तृतीयांश. म्हणजे ॲव्हरेजला दोन्हीकडून फटका.

सीमेवरचा
आमच्याकडे बांद्याहून लोक पत्रादेवी ओलांडून गोव्यात पेट्रोल भरायला येतात, स्वस्त म्हणून. आता इथे एवढं वाचून वाटतं वाचवलेले पैसे गाडीतच जळत असतील तर काय उपयोग. माझा पण दिवा चार महिने पेटलाय. उद्याच दाखवतो.

अबोली_फोंडा
घाटवाट दादांनी काल येऊन स्कॅनर लावला. तीन कोड आले. पी ०१३५, पी ०१४१ आणि पी ०१७१. बाबांनी डायरीत लिहून ठेवलेत :) मेस्तबाब, खाडीकाठबाब, याचा अर्थ काय?

खाडीकाठ
०१३५ पहिल्या सेन्सरच्या हीटरचा आणि ०१४१ दुसऱ्याच्या हीटरचा. सेन्सर ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट बोलत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटर असतो, चार वायरींपैकी दोन त्याच्या. कनेक्टरच काढलेत म्हणून हे दोन्ही कोड आलेत, ते आपणच तयार केलेत. खरा जुना कोड ०१७१, मिश्रण पातळ.

काजूबोंड
थांबा थांबा. मिश्रण पातळ म्हणजे पेट्रोल कमी. मग ॲव्हरेज पडलं कसं? आणि पेट्रोलचा वास कसा? हे उलटं झालं.

जुना_मेस्त
काजूबोंडबाब, प्रश्न एकदम बरोबर विचारलात, इथेच पोरं फसतात आणि इंजेक्टर साफ करत बसतात. कोड सांगतो सेन्सरला काय दिसलं. इंजिनमध्ये काय होतं ते नाही. सेन्सरला फटीतली हवा दिसली, तो पातळ म्हणाला, ईसीयू पेट्रोल वाढवत गेली, वाढवता वाढवता मर्यादा संपली तेव्हा तिने हात टेकले आणि दिवा लावला, की मी एवढं देते तरी हा म्हणतो पातळ. प्रत्यक्षात इंजिन पेट्रोलात न्हात होतं. १६ चं १४ तेव्हा झालं. मग सेन्सर काढले, हळू चालतानाचं फाजील पेट्रोल थांबलं म्हणून धक्के गेले, पण आता सगळ्याच वेगात अंदाजपंचे, म्हणून १४ चं १३.

०१७१ दुसऱ्या कारणानेही येतो, इनटेकचा एखादा व्हॅक्यूम पाइप फाटला, फ्युएल पंप दमला. पण तुमच्या टक टक मुळे मी आधी मॅनिफोल्ड बघेन. गॅरेजवाल्याला सांगा, गाडी पूर्ण थंड असताना वरचा पत्र्याचा शिल्ड काढ आणि गॅस्केटच्या रेषेवर काजळी दिसते का बघ.

काजूबोंड
आता समजलं. ३ वर्षांत पहिल्यांदा समजलं खरं तर.

सान्वी_पेडणे
अबोली, बाबा कसे आहेत?

अबोली_फोंडा
बरे आहेत. गुरुवारी दादांच्या गाडीतून नेलं, डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी तपासण्या केल्या, काळजीचं नाही म्हणाले. पण येताना बाबा म्हणाले आज डोकं हलकं आहे. मला रडूच आलं. इतके दिवस मी आजारपणामुळे असेल म्हणून सोडून देत होते.

म्हापसेकर
पीयूसी कधी संपतेय तुमची? या अवस्थेत पास होणार नाही. बीएस ४ पेट्रोल गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, आणि रेस करून लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे बरोबर) पण बघतात, ०.९७ ते १.०३ च्या मध्ये. सेन्सर काढलेली गाडी तिथे लगेच उघडी पडते. प्रदूषणाच्या नियमासाठी कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

जुनी_फियाट
आमच्या वेळी मेस्त्री प्लगचा रंग बघून सांगायचा, तपकिरी म्हणजे बरोबर, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. अबोलीबाय, प्लग पण काढून बघायला सांग, काळे कोळसे झाले असतील. आणि तीन आठवडे फाजील पेट्रोल जळालंय तर इंजिन ऑइल हुंगून बघ, पेट्रोलचा वास आला तर बदलून घे, पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं.

खाडीकाठ
फियाटकाकांशी १०० टक्के सहमत. आणि कन्व्हर्टरचं पण. त्यात सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा मुलामा, म्हणून तो इतका महाग. न जळलेलं पेट्रोल त्याच्यात जाऊन जळलं तर तो फाजील तापतो आणि जाळी वितळून पाइप तुंबतो. सेन्सरचे पैसे वाचवायला जाऊन अनेक पट महाग वस्तू पणाला लागते. तीन आठवड्यांत बहुधा वाचला असेल, पण महिने काढू नका. आणि उन्हाळ्यात अशी तापलेली गाडी काजूच्या बागेत सुक्या गवतावर उभी करायची नाही, कुणीच.

अबोली_फोंडा
मंडळी, झालं! सगळं लिहिते.

शुक्रवारी संध्याकाळीच दुसऱ्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवली, शनिवारी सकाळी घाटवाट दादा सोबत होते. रात्रभर तिथेच उभी ठेवली होती म्हणजे थंडगार. त्याने शिल्ड काढला आणि मला बोलावून टॉर्च मारला. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्ये गॅस्केटपासून वर, पंखा उघडावा तशी काजळी पसरलेली! बोट लावलं तर मखमलीसारखी काळी. एक स्टड मुळापासून तुटलेला, त्याच्या शेजारचा नट हाताने फिरला. त्याने गाडी चालू करून फटीजवळ साबणाचं पाणी टाकलं तर टक टक बरोबर फेस उडायला लागला. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ते म्हणाले म्हणजे टॅपेट नव्हता तर.

तुटलेला स्टड काढायलाच दीड तास गेला, त्याच्यावर तेल सोडून ठेवलं होतं तरी. नवे स्टड, नवी गॅस्केट. मग पहिला सेन्सर परत लावला, तोच जुना! स्कॅनरवर बघितलं तर ०.१ पासून ०.८ पर्यंत मस्त झुलत होता, खाडीकाठबाब, अगदी तुम्ही म्हणालात तसा. पेट्रोलची जी दुरुस्ती ईसीयू करते तो आकडा आता ३ टक्क्यांवर आहे.

दुसऱ्या सेन्सरचं मात्र वेगळं निघालं. टायने बांधलेली वायर सुटून पाइपाला टेकली होती, कनेक्टर निम्मा वितळलेला. मेस्त्री म्हणाला वायर जोडतो, सोल्डर करायला लागला होता.

जुना_मेस्त
सोल्डर केलं नाही ना? सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची ताजी हवा लागते, बऱ्याच सेन्सरमध्ये ती वायरीच्या आतूनच जाते. सोल्डर आणि ग्रीसने ती वाट बुजते. क्रिंप करायचं, म्हणजे दाबून जोडायचं, वर स्लीव्ह.

अबोली_फोंडा
नाही नाही, घाटवाट दादांनी थांबवलं त्याला, क्रिंपच केलं. नवा कनेक्टर त्याने जुन्या गाडीचा शोधून लावला. ऑइल बदललं, प्लग खरंच कोळसे झाले होते काका, चारही बदलले. कन्व्हर्टरचा कोड आला नाही अजून. सगळे मिळून ४,६०० रुपये. सेन्सर एकही विकत घ्यावा लागला नाही.

आज पहिल्यांदा बाबांना बसवलं. काचा उघड्या ठेवून बोरीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. वास नाही, टक टक नाही, दिवा नाही. बाबांनी डायरीत तारीख घालून लिहिलंय, "गाडी बरी झाली."

सान्वी_पेडणे
किती बरं वाटलं वाचून. दोघांनाही जपा.

फुलपाखरू
आमच्या गाडीची तर उंदरांनी वायर खाल्ली होती, तेव्हा पण ०१३५ च आला होता. चवथीला अजून वेळ होता तरी उंदीरमामा आधीच पोचले :) पावसात गाडी दोन आठवडे उभी होती ना, बॉनेटखाली घरटं केलं होतं.

घाटवाट
बेळगावला आता खुशाल जा. चोर्ल्यात धुकं असलं तर सुर्लाला थांबून चहा घ्या, घाई करू नका.

काजूबोंड
मी आज दिव्यावरची टेप काढली आणि गाडीखाली वाकून मागचा कनेक्टर शोधला. दोन्ही तोंडांत चिखल भरलाय, पिना हिरव्या पडल्यात. मेस्तबाब, तुमच्याकडे घेऊन येऊ का? केप्याहून लांब पडेल पण तुम्हीच बघावं असं वाटतं.

जुना_मेस्त
या की, रविवारी पण उघडं असतं. नऊला पोचा. सायलेन्सर निवायला दोनेक तास लागतील, तोवर घरी बसू. जेवूनच जा, बायकोला सांगून ठेवतो.